टाकी नदीपलीकडे

मी एक लायब्ररी सांभाळते. हे वाक्य चारचौघांत बोलायची सोय नाही. आईने ते शेजारच्या काकूंना कौतुकाने सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी काकू दारात उभ्या, "जुनी मासिकं घरी नेता येतात का गं?" तेव्हापासून मी कानाला खडा लावला. कुणी विचारलं तर "कॉम्प्युटरचं काम" म्हणते आणि विषय बदलते.

ही लायब्ररी म्हणजे कोडचा एक छोटा गठ्ठा. ज्याला लागेल त्याने उचलावा आणि आपल्या प्रोग्रॅमला जोडावा. तिला एकच काम येतं, शहर वसवायच्या एका जुन्या गेमच्या फायली उघडून वाचणं. तो गेम बनवणारी कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेली आणि जाताना आपल्या फायलींत कुठे काय ठेवलंय ते कुणाला सांगून गेली नाही. मग माझ्यासारखी रिकामटेकडी माणसं आकड्यांच्या रांगांकडे डोळे फोडत बसतात. हा आकडा म्हणजे रस्ता, हा म्हणजे गवत, हा म्हणजे जमिनीखालून गेलेला पाइप. असं एकेक उलगडत मी ती लिहिली. ती वापरणारी माणसं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातला सगळ्यात चिकट प्राणी स्वतःला 'कोल्हा' म्हणवतो. त्याचं तोंड मी कधी पाहिलेलं नाही, पण तक्रार अशी लिहितो की जणू मी त्याच्या घरी कामाला आहे.

लिहिली मात्र मी ती बाबांसाठी.

बाबा पाणीपुरवठा खात्यात होते. शहराच्या कुठल्या भागाला केव्हा पाणी सोडायचं, कुठला व्हॉल्व्ह किती फिरवायचा, यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर घरात नुसते येरझारा घालायचे आणि आईच्या प्रत्येक कामात नाक खुपसायचे. दादाने शाळेत असताना आणलेला तो गेम जुन्या मशीनवर पडून होता. बाबांनी तो एकदा उघडला आणि आईची सुटका झाली. त्यांनी त्यात एक गाव वसवलं. रस्ते यथातथाच, बागेचा पत्ता नाही, गेममधले लोक बागेवरून कुरकुर करतात तर बाबा म्हणत, "करू देत. पाणी येतंय ना?" टेकडीवर टाकी, टाकीपासून मोठा पाइप, त्याला फुटलेले लहान पाइप, आणि गावातलं एकही घर कोरडं नाही. रोज दुपारी चहा झाला की ते तिथे एक फेरी मारून येत. 'जाऊन येतो' असंच म्हणत.

मशीन म्हातारं झालं होतं, ते मला दिसत होतं. नव्या मशीनवर तो गेम चालत नाही. काही हौशी लोकांनी तो नव्याने लिहिलाय, पण त्याला जुन्या फायली कळत नव्हत्या. त्या दोघांच्या मधला दुभाषी म्हणजे माझी लायब्ररी. एके सकाळी जुनं मशीन सुरूच झालं नाही, तेव्हा मी मनात म्हटलं, आता माझी लायब्ररी कामाला येईल. मशीनमधली डिस्क काढली, बाबांचं गाव वाचून घेतलं, नव्या गेममध्ये उतरवलं आणि बाबांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. खरं सांगते, शाबासकीची वाट पाहत मी मागे उभी होते.

बाबांनी गाव इकडून तिकडे सरकवून पाहिलं. मग म्हणाले, "हे माझं गाव नाही."

"म्हणजे?"

"टाकी इथे नव्हती. नदीपलीकडे होती. इथे कशाला कोण टाकी बांधेल?"

मला राग आला, पण स्वतःचाच. कारण अशी चूक कुठे होते ते या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. फाइलमध्ये नकाशा म्हणजे चौकोनांची लांबलचक रांग असते. ती डावीकडून वाचायची की उजवीकडून, आडवी की उभी, यात गल्लत झाली की पूर्वेची टाकी पश्चिमेला जाते. "माझंच चुकलं असणार, बाबा," मी म्हणाले. "संध्याकाळपर्यंत देते." आणि निर्धास्त मनाने कामाला बसले.

संध्याकाळी दोष सापडला नाही. त्या आठवड्यातही नाही.

दादाचं दुसऱ्या शहरात औषधांचं दुकान आहे. त्यामुळे तो स्वतःला निम्मा डॉक्टर समजतो, आणि वैताग असा की बहुतेक वेळा त्याचं बरोबर निघतं. त्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबांना मेंदूच्या डॉक्टरांना दाखवू या. मी वेळ घेतलीये."

"कशाला? फाइल उलटी वाचली गेलीये. दोष माझ्या कोडमध्ये आहे."

"आणि त्या दिवशी घराचा मेन व्हॉल्व्ह बंद केला त्यांनी, आणि मग पाणी का येत नाही म्हणून ऑफिसला फोन लावला, तोही दोष तुझ्या कोडमध्येच का?"

हे आईने त्याला सांगितलेलं मला माहीत नव्हतं. मी म्हणाले की जन्मभराची सवय आहे, हात जातो. माणूस रोज विसरतो, तूसुद्धा विसरतोस, गेल्या वेळी आईचा वाढदिवस कोण विसरलं होतं? भांडणात दादाला गप्प बसवणं मला लहानपणापासून जमतं.

आईचं म्हणणं त्याहून सोपं होतं. "आधी तुझं ते नीट कर. गाव नीट झालं की ते नीट होतील. डॉक्टरकडे नेलं की लेबल लागतं माणसाला." मी दादाने घेतलेली वेळ रद्द केली. आईने सांगितलं म्हणून केली, असं म्हणायला मला जागा आहे. पण आईने सांगितलं नसतं तरी मी केली असती. दोष कोडमध्ये असेल तर बाबा धडधाकट होते. आणि कोडमधला दोष मी आजवर सोडलेला नाही. उशिरा का होईना, तो सापडतोच.

मग मी बाबांनाच रीतसर विचारायला लागले. कोल्ह्याला विचारते तसंच. काय दिसायला हवं होतं, काय दिसतंय. बाबा मन लावून उत्तर द्यायचे. सोमवारी म्हणाले, टाकी नदीपलीकडे. दोन दिवसांनी म्हणाले, "नदी? नदी कुठे होती आपल्या गावात? विहिरीवर चालायचं सगळं." त्यानंतर एकदा म्हणाले की टाकी ठीक आहे, पण शाळा दिसत नाही. त्या गेममध्ये शाळा बांधताच येत नाही.

कुणाही शहाण्या माणसाला यातून जे कळायचं ते कळलं असतं. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, दोष चंचल आहे. असे दोष असतात. प्रोग्रॅम मेमरीतली अशी जागा वाचतो जिथे काही भरलेलंच नसतं, आणि मग तिथला जुना कचरा कधी असा दिसतो, कधी तसा. आज टाकी इकडे, उद्या तिकडे. सगळ्यात चिवट प्रकार तो. बाबा रोज वेगळं सांगत होते आणि मला हुरूप येत होता. आईला मी हे इतकं पटवून दिलं की ती काकूंनाही सांगून आली, कचरा वाचला जातोय म्हणून.

मी कोल्ह्याला कामाला लावलं. त्याच्याजवळ जगभरच्या लोकांची गावं साठवलेली आहेत. त्याने ढीगभर फायली पाठवल्या. मी एकेक उघडायची, तो ताडून पाहायचा. सगळी गावं जागच्या जागी. "तुझी लायब्ररी इतकी बरी आहे हे मलाही माहीत नव्हतं," त्याने लिहिलं. कधी नव्हे ते त्याने कौतुक केलं आणि मला त्याचा गळा धरावासा वाटला.

मग एका दुपारी दोष सापडला. खरोखरचा. सगळ्यात मोठ्या आकाराचा नकाशा असेल तर पाइपांचा थर एका चौकोनाने सरकत होता. मी खुर्चीतून उठून ओरडले, आई पीठ लागलेल्या हातांनी धावत आली, मी तिला मिठी मारली. "सापडला!" आईचे डोळे भरून आले. तिने दादाला फोन केला आणि त्याला चार शब्द सुनावले की बहिणीवर विश्वास ठेवायचा असतो. संध्याकाळी घरात गोड झालं. कोडमध्ये चूक निघाली म्हणून गोड करणारं आमचं एकच घर असेल.

बाबांचं गाव मोठ्या नकाशावर नव्हतं. ते सगळ्यात लहान आकाराचं होतं. त्या दोषाने त्यांच्या गावातला एकही पाइप हलत नव्हता, हे मला ओरडण्याच्या आधीच माहीत होतं. तरी मी ओरडले. वाढलेलं गोड मी खाल्लंसुद्धा.

"आता बघा, बाबा," मी म्हणाले. त्यांनी पाहिलं. माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "हं," ते म्हणाले. "आता बरोबर आहे. आता अगदी बरोबर आहे." आईच्या जिवात जीव आला. पडद्यावर मात्र कालचंच गाव होतं.

पुढचे काही दिवस बाबा दुपारी चहानंतर खुर्चीत बसायचे. 'जाऊन येतो' म्हणायचं त्यांनी सोडलं होतं. मी दारातून बघायची. माऊसवर हात ठेवून ते नुसते बसलेले असत. परक्याच्या घरी सोफ्यावर बसतो ना आपण, कशाला हात न लावता, तसे. मी आत गेले की घाईघाईने गाव थोडं सरकवायचे, मला बरं वाटावं म्हणून. एकदा म्हणाले, "तू इतकी मेहनत घेतलीस." मला त्यांचा इतका राग आला की मी बाहेर आले आणि उगाच कपडे वाळत घालायला लागले. ते खोटं बोलत होते, मी खोटं बोलत होते, आणि मध्ये आई एकटी खुशीत होती.

एक रस्ता अजून उरला होता. फाइल वाचायची आणि जशीच्या तशी परत लिहायची, मग मूळ फाइलशी ताडून पाहायची, ही चाचणी मी पहिल्याच दिवशी केली होती. आकडा न् आकडा जुळत होता. पण त्या चाचणीत एक पळवाट आहे. वाचताना डावं-उजवं उलटं केलं आणि लिहितानाही उलटंच लिहिलं, तर फाइल जुळणारच. कोल्ह्याकडची गावं ठीक दिसली, पण ती वेगळ्या आवृत्तीची असतील. बाबांचा गेम फार जुना होता, त्याची तऱ्हा निराळी असेल. खरं काय ते एकच सांगू शकत होतं, बाबांचं जुनं मशीन. त्यावर तो मूळ गेम, ती मूळ फाइल. तिथे टाकी नदीपलीकडे दिसली तर दोष माझा. मी इतक्या मनापासून आजवर दुसरं काही मागितलेलं नाही.

डिस्क परत बसवून मी ते धूड दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने नाक मुरडलं. असल्या मशीनचे भाग मिळत नाहीत, नवीन घ्या, वगैरे. मी मागे लागले. त्याला रोज फोन करून मी इतकं भंडावलं की शेवटी तो स्वतःच रविवारी दुपारी घरी घेऊन आला. टेबलावर ठेवून म्हणाला, "ताई, वीज पुरवणारा डबा गेला होता, एवढंच. बाकी म्हातारं ठणठणीत आहे." आईने त्याला दोनदा चहा विचारला. तो घाईत होता, गेला.

मी दोन्ही पडदे शेजारी शेजारी लावले. एकीकडे नवं मशीन, त्यावर माझ्या लायब्ररीने वाचलेलं गाव. दुसरीकडे जुनं, घरघरत सुरू होणारं. आई माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. बाबा आत पडले होते.

गेम उघडला. बाबांचं गाव वर आलं.

टेकडीवर टाकी. नदीच्या अलीकडे. मी नव्या पडद्याकडे पाहिलं. टेकडीवर टाकी, नदीच्या अलीकडे.

मी तरी सोडलं नाही. वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि दोन्ही पडद्यांवर बोट ठेवून एकेक चौकोन बघत गेले. रस्ता, रस्ता. गवत, गवत. घर, घर. एक तरी चुकू दे, मी मनात म्हणत होते, एकच चुकू दे, पुढचं मी बघून घेते. आईला गेममधलं ओ की ठो कळत नाही, पण ती माझ्या बोटांकडे बघत होती आणि तिला कळत होतं. खालच्या कोपऱ्यापर्यंत पोचले तेव्हा तिने विचारलं, "सारखंच आहे?"

"सारखंच आहे."

मग तिला काहीतरी सुचलं आणि तिचा चेहरा उजळला. "अगं, पण त्यांना या मशीनची सवय. हा पडदा, हा आवाज. नव्यावर नसेल ओळख पटत. थांब, उठवते त्यांना." तिचं म्हणणं खोटं म्हणायला माझ्याजवळ काही नव्हतं. खरं सांगायचं तर मीही तेवढ्यावर टांगून राहिले.

बाबा डोळे चोळत आले. जुन्या मशीनची घरघर ऐकून थबकले आणि हसले. "अरे, हे कधी आलं?" आपल्या जुन्या खुर्चीत बसले, जराशी पुढे ओढली, आणि कीबोर्डकडे न बघता एक बटण दाबलं. वरची घरं, रस्ते नाहीसे झाले आणि जमिनीखालचे पाइप तेवढे उरले. ते बटण कुठलं, हे नव्या मशीनवर त्यांना रोज मला विचारावं लागायचं. आईने माझा खांदा इतका घट्ट धरला की दुखला.

बाबा टाकीपाशी गेले. तिथून मोठ्या पाइपावरून हळूहळू खाली आले. प्रत्येक फाट्यावर थांबत होते, मान हलवत होते. त्यांचा चेहरा मी पूर्वी पाहायची तसा झाला होता, कामावरचा. गावाच्या टोकाला एक एकटं घर आहे, तिथपर्यंत ते गेले आणि तिथे बराच वेळ थांबले.

"काम चांगलं आहे," ते म्हणाले. "हे शेवटचं घर बघ. इथे दाब पोचवायला वाकडी वाट करून पाइप आणलाय. कुणी घेत नाही एवढा त्रास. एका घरासाठी कोण करतं?" ते माझ्याकडे वळले. डोळ्यांत चमक होती, कितीतरी दिवसांनी. "कुणी केलंय हे? तुझ्या ओळखीतले आहेत का? एकदा भेटव ना मला."

"भेटवते, बाबा," मी म्हणाले.

"घाई नाही. त्यांच्या सवडीने." आणि ते पुन्हा पाइप बघायला लागले.

आईचा हात खांद्यावरून निघाला. ती आत गेली, तिच्या मागोमाग मीही गेले. ती ओट्याशी पाठ करून उभी होती. वळली नाही, फक्त म्हणाली, "दादाला फोन लाव. डॉक्टरांची वेळ परत घ्यायला सांग."

दादाने लगेच उचलला. मी मशीन आल्याचं सांगितलं, दोन्ही पडद्यांचं सांगितलं. तो ऐकत होता. मग घाबरत घाबरत त्याने विचारलं, "मग? सापडला का दोष?"

"नाही रे," मी म्हणाले. "लायब्ररी बरोबर वाचते. सगळं बरोबर वाचते." आणि मला रडू आवरेना.